तुकडा न काढता पाहता येईल का?



आजचा विषय बडोद्याच्या एका श्रोत्या बाईंनी दिला. त्यांनी विचारलं, "यजमानांना प्रोस्टेटची बायोप्सी सांगितली आहे. आता एवढी नवी मशीनं आली, फोटोत सगळं दिसतं म्हणतात. मग तुकडा काढायलाच हवा का?"

प्रश्न साधा आहे, पण तो गेली सव्वाशे वर्षं विचारला जातोय. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शरीरातून काढलेले तुकडे काचेवर ठेवून पाहिले. म्हणजे या प्रश्नात मी एका बाजूची साक्षीदार आहे, हे आधीच सांगून टाकते.

आणि एक गोष्ट घरची सांगते. मी इंदूरच्या मराठी घरात वाढले. मी पॅथॉलॉजी शिकत होते तेव्हा माझ्या मावशीच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली. मावशी म्हणाली, "सुई नको गं बाई. छेडलं की पसरतं." मी तिची भाची, शिकत असलेली डॉक्टर, तिच्या पायाशी बसून तासभर समजावलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला. दोन वर्षांनी ती तपासायला तयार झाली, तेव्हा गाठ काखेत पोचली होती. गाठ सुईने पसरली नव्हती, ती वाट पाहण्यात पसरली.

म्हणून "सुई टाळता येईल का" हा प्रश्न मला फक्त तंत्रज्ञानाचा वाटत नाही. सुईच्या भीतीने किती माणसं दारातूनच परत जातात, ते मी पाहिलं आहे. तर आज आपण हा इतिहास सुरुवातीपासून पाहू.

बायोप्सी हा शब्द १८७९ साली फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी रूढ केला. जिवंत माणसातला तुकडा काढून पाहणं, असा त्याचा सरळ अर्थ. त्यापूर्वी आजाराचं खरं रूप बहुतेक वेळा मृत्यूनंतर, शवविच्छेदनातच कळायचं. १८५८ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी पेशींच्या विकृतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि आजार शोधायचा तर पेशीत शोधा, असा नवा रस्ता दाखवला. आजही आम्ही त्याच रस्त्यावर आहोत.

पण या रस्त्यावरचा पहिला मोठा अपघात खुद्द फिर्खोंच्याच हातून झाला, आणि तो राजघराण्यात झाला.

१८८७ च्या सुरुवातीला जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. स्वरतंतूवर गाठ दिसली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि मे महिन्यात घसा उघडून शस्त्रक्रिया करायचं ठरत आलं. तेवढ्यात इंग्लंडहून मॉरेल मॅकेन्झी या घशाच्या तज्ज्ञाला बोलावलं गेलं. ते म्हणाले, आधी तुकडा तपासा. चिमट्याने छोटासा तुकडा काढून फिर्खोंकडे दिला. त्यांना त्यात कर्करोग दिसला नाही. नंतर आणखी तुकडे गेले, तरीही दिसला नाही. फिर्खोंनी अहवालात सावधपणे म्हटलं होतं की या तुकड्यांवरून सगळ्या आजाराबद्दल खात्रीने सांगता येणार नाही. पण अशी सावध वाक्यं कोण वाचतं? शस्त्रक्रिया रद्द झाली.

नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमोला कर्करोग उघड झाला. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं. ९ मार्चला फ्रेडरिक सम्राट झाले, तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं. ९९ दिवस राज्य करून १५ जूनला ते गेले. शवविच्छेदनात कर्करोग सिद्ध झाला, आणि त्या वेळी फिर्खो हजर होते. त्यांच्यामागून गादीवर आला मुलगा दुसरा विल्हेल्म. त्याच्याच काळात जर्मनी पहिल्या महायुद्धात उतरली. बाप जगता तर युरोप वेगळा झाला असता का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. माझ्या कामाचा मुद्दा लहान आहे: तुकडा खोटं बोलला नव्हता. तुकडा फक्त स्वतःबद्दल बोलला होता. सुई जिथे लागली तिथलं खरं ती सांगते, शेजारी बोटभर अंतरावर काय आहे ते सांगत नाही.

हा दोष लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत तो परत परत येणार आहे.

फ्रेडरिक गेल्यानंतर सात वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. न कापता आत पाहायची सोय झाली! पण मंडळी, ती सावली होती. हाड आणि मांस यांतला फरक तिला कळत होता. एक पेशी चांगली की बिघडलेली, हे तिला कळत नव्हतं. त्यामुळे पुढची कित्येक दशकं अशी वाटणी झाली की "काहीतरी आहे" हे सावली सांगायची आणि "काय आहे" हे तुकडा.

आपल्याकडे ही वाटणी पक्की झाली ती परळला. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली. योगायोग पाहा, त्यांचा जन्मही १८९५ चा, क्ष-किरणांच्या वर्षातला. खानोलकरांनी तुकड्यांतून नुसतं निदान केलं नाही, त्यांनी देश वाचला. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर लिहिलेला निबंध भारतीयांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या नात्यावर होता. कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्यामुळे होणारा त्वचेचा कर्करोगसुद्धा त्यात होता. म्हणजे काचेवरच्या पेशींमधून माणसाचा पेहराव आणि व्यसन दिसू लागलं. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक तेच. या केंद्राकडे मी थोड्या वेळाने परत येईन.

आता सुई खरोखर कुठे मागे हटली ते पाहू. सगळ्यात स्वच्छ उदाहरण यकृताचं आहे.

यकृत किती कडक झालंय, म्हणजे त्यात किती व्रण साठलेत, हे कावीळ बी आणि सी च्या रुग्णांत कळायलाच हवं. १९५८ मध्ये इटलीच्या मेंघिनी यांनी एका सेकंदात तुकडा काढणारी सुई जगाला दिली आणि यकृताची बायोप्सी सर्रास होऊ लागली. पण त्यात रक्तस्रावाचा थोडा धोका राहतोच. शिवाय फिर्खोंचा दोष तिथेही होता. सुईत येणारा तुकडा म्हणजे साधारण पन्नास हजारांश यकृत. तेवढ्यावरून उरलेल्याचा निकाल लावायचा.

२००३ च्या सुमारास फ्रान्समधून एक यंत्र आलं, फायब्रोस्कॅन. कल्पना इतकी साधी की आपली आजीसुद्धा समजेल. कलिंगडावर टिचकी मारून आपण ते कसं आहे ते ओळखतो ना? तसंच. बरगड्यांच्या मधे यंत्राचं टोक ठेवतात, एक हलकी टिचकी बसते, आणि ती लहर यकृतातून किती वेगाने जाते ते ध्वनिलहरींनी मोजतात. कडक यकृतात लहर वेगाने धावते, मऊ यकृतात हळू. सुईच्या तुकड्यापेक्षा सुमारे शंभरपट मोठा भाग एका वेळी मोजला जातो. पाच-दहा मिनिटांत माणूस उठून घरी. नुसतं व्रणाचं प्रमाण बघायला यकृताचा तुकडा काढणं आज पुष्कळ कमी झालं आहे, त्यात या टिचकीचा आणि रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून काढलेल्या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

यकृताच्या कर्करोगाची गोष्ट आणखी वेगळी. २००० साली बार्सिलोनात युरोपातले यकृततज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक धाडसी नियम मांडला. आधीच सिरॉसिस असलेल्या रुग्णात, गाठ पुरेशी मोठी असेल आणि स्कॅनमध्ये ठराविक खुणा दिसल्या, तर तुकड्याशिवायच कर्करोगाचं निदान करावं. पुढे हा नियम अधिक नेमका झाला: रंगद्रव्य टोचल्यावर गाठ आधी धमनीच्या रक्ताने उजळते आणि मग आजूबाजूच्या यकृताआधी विझते. असं का, तर यकृताला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, पण ही गाठ मात्र धमनीवर पोसते. तिच्या खाण्याच्या सवयीवरून ती पकडली जाते!

इथे मावशीची आठवण काढून एक कबुली देते. यकृताच्या या कर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका खरोखर असतो, शंभरात दोन-तीन जणांत असं होतं. म्हणजे लोकांची भीती पूर्णपणे हवेतली नाही. पण ती एका अवयवातली गोष्ट सगळ्या शरीराला लावतात. स्तनाच्या गाठीला सुईची तपासणी करून घेतल्याने आयुष्य कमी होत नाही. तपासणी न केल्याने होतं.

आता बडोद्याच्या बाईंच्या प्रश्नाकडे, प्रोस्टेटकडे. पूर्वीपासूनची पद्धत अशी: रक्तातलं पीएसए वाढलं की सोनोग्राफीच्या मदतीने दहा-बारा ठिकाणी सुया घालायच्या. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण कर्करोग बहुधा दिसत नाही. म्हणजे अंधारात दगड मारायचे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. ५७६ पुरुषांची आधी एमआरआय केली, नंतर नेहमीची बायोप्सी, आणि त्याचबरोबर ग्रंथीत दर पाच मिलिमीटरवर सुई घालून पूर्ण नकाशा काढला. एमआरआयने महत्त्वाचे कर्करोग ९३ टक्के पकडले, नेहमीच्या बायोप्सीने फक्त ४८ टक्के. एमआरआय आधी केली तर चारातल्या एकाहून थोड्या जास्त जणांना सुई लावायचीच गरज नव्हती. पुढच्या वर्षी ५०० पुरुषांवरच्या प्रिसिजन अभ्यासाने हेच दाखवलं: एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांची बायोप्सी टळली, आणि तरीही धोकादायक कर्करोग जास्त सापडले, २६ च्या जागी ३८ टक्के.

पण जरा त्या ५७६ जणांचा विचार करा. पुढच्या लोकांची सुई टळावी म्हणून त्यांनी दर पाच मिलिमीटरवर सुई सोसली. फायब्रोस्कॅनचे आकडेही असेच ठरले, आधी बायोप्सी झालेल्या यकृतांशी ताडून. मला या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. चित्राला खरं-खोटं ठरवून देणारा पंच तुकडाच असतो. तुकड्याने साक्ष दिली म्हणून चित्रावर विश्वास बसतो, आणि मग चित्र तुकड्याला म्हणतं, आता तू नाही आलास तरी चालेल.

आतापर्यंत सांगितलेली यंत्रं पेशी दाखवत नाहीत. ती कडकपणा, रक्तपुरवठा, पाण्याची हालचाल यांवरून अंदाज करतात. शरीरातली पेशी जागेवरच दिसली तर? ही वाट त्वचेतून निघाली. मार्व्हिन मिन्स्की, पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी गाजलेले, त्यांनी १९५७ मध्ये कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका वेळी एकाच खोलीवरचा प्रकाश आत घ्यायचा, बाकीचा अडवायचा, म्हणजे न कापताच चकती कापल्यासारखं दिसतं. १९९५ मध्ये, रोंटगेननंतर बरोबर शंभर वर्षांनी, बॉस्टनच्या एका गटाने लेझर वापरून जिवंत माणसाच्या त्वचेतल्या पेशी अशा पाहिल्या. त्या निबंधावरचं पहिलं नाव वाचून मराठी वाचक थबकतोच: मिलिंद राजाध्यक्ष. त्यांच्या गटाने दाखवलं की आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, ज्यावरून आपण लग्नाच्या जाहिरातींत गोरं-सावळं करत बसतो, तेच या तंत्रात दिव्याचं काम करतं. मेलॅनिन असलेल्या पेशी उजळून निघतात. २०१६ पासून अमेरिकेत या तपासणीला विम्याच्या बिलासाठी स्वतंत्र संकेतांक आहेत, म्हणजे ती प्रयोगशाळेतून दवाखान्यात आली.

त्याच दशकात, १९९१ मध्ये, एमआयटीच्या गटाने ओसीटी मांडलं. ध्वनीच्या जागी प्रकाशाचा प्रतिध्वनी. डोळ्याच्या पडद्याचा तुकडा सहसा काढता येत नाही, तिथे हे तंत्र वरदान ठरलं. तुमच्यापैकी कुणी मधुमेहामुळे डोळे तपासले असतील तर हनुवटी टेकवून याच यंत्रात पाहिलं असेल. आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्वचेच्या ओसीटी चित्रांना संगणकाकडून आमच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून दाखवलं. मेण नाही, काच नाही, तरी स्लाइडसारखं चित्र. मी ती चित्रं पाहिली तेव्हा खरं सांगते, आधी कौतुक वाटलं आणि मग जरा पोटात गलबललं. रंग संगणकाने भरला आहे. जिथे त्याला कळलं नाही, तिथे त्याने काय भरलं? आमच्या स्लाइडवर घडी पडली तर ती घडी दिसते. संगणकाच्या चुकीला घडी नसते. म्हणून अशा चित्राला पंचासमोर पुष्कळ वेळा उभं राहावं लागेल.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात रामन यांनी आपला शोध जाहीर केला. प्रकाश रेणूवर आपटून परतताना थोडा बदलून येतो, आणि प्रत्येक रेणू त्याच्यावर आपली सही करतो. परळचं रुग्णालय उघडलं तीही २८ फेब्रुवारीच. दोन तारखांचा योगायोग पुढे जणू कामात उतरला. खानोलकरांच्या त्या संशोधन केंद्राचा वारसा आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे, आणि तिथे तोंडाच्या कर्करोगासाठी रामन यांचीच पद्धत अभ्यासली गेली आहे. गालाच्या आतल्या कातडीवर प्रकाश टाकायचा, सही वाचायची. तंबाखू आणि सुपारीने तोंडं जाळून घेणाऱ्या आपल्या देशात हे रोजच्या वापरात आलं तर किती तुकडे वाचतील, विचार करा. अजून ते संशोधनाच्या टप्प्यावर आहे, हेही तितकंच खरं.

इथे थांबले असते तर गोष्ट फार गोड झाली असती. म्हणून दक्षिण कोरिया सांगते. १९९९ पासून तिथे कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लोक त्याबरोबर हौसेने गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. थायरॉइडमध्ये बारीक गाठी दिसू लागल्या. दिसल्या म्हणून टोचल्या, टोचल्या म्हणून कर्करोग सापडला, सापडला म्हणून ग्रंथी काढली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त निदानं. आणि मृत्यू? जवळजवळ होते तेवढेच. म्हणजे ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्या शोधून काढल्या होत्या. चांगल्या चित्राने इथे सुई कमी केली नाही, वाढवली.

म्हणून नुसतं नवं यंत्र आलं की सुई कमी होत नाही. "हे दिसलं तरी टोचायचं नाही" असा नियम ठरवून पाळला तरच ती कमी होते. आज थायरॉइडच्या गाठींना सोनोग्राफीवरून गुण देतात आणि कमी गुणांची गाठ तशीच सोडतात. तो नियम कोरियासारख्या अनुभवांतून शहाणं होऊन आला.

तर बडोद्याच्या ताई, तुमचं उत्तर. यजमानांची एमआरआय झाली नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, बायोप्सीआधी करता येईल का. ती स्वच्छ निघाली तर कदाचित सुई टळेल, किंवा काही काळ नुसतं लक्ष ठेवता येईल. हा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. पण एमआरआयने बोट दाखवलं तर सुईला नाही म्हणू नका. तेव्हा ती अंधारातला दगड नसते, नेम धरून मारलेली असते. आणि कर्करोग आहे म्हटल्यावर तो किती आक्रमक, कोणतं औषध लागू पडेल, हे आजही पेशीच सांगते. चित्राला ते अजून नीट वाचता येत नाही.

मावशीच्या वेळी एवढं काहीच नव्हतं. असतं तर ती मशीनमध्ये आनंदाने झोपली असती, कारण मशीन टोचत नाही. मग कदाचित म्हणाली असती, "आता दिसलंच आहे तर टोच बाई." मला नव्या यंत्रांकडून एवढीच आशा आहे. त्यांनी आमची काच अडगळीत टाकली तर मला वाईट वाटणार नाही, पण तो दिवस दूर आहे. त्याआधी त्यांनी दारातून परत जाणाऱ्या माणसांना आत आणावं. ज्यांना सुई नको त्यांची टाळावी, आणि ज्यांना हवीच आहे त्यांची भीती घालवावी.

तुमच्या घरातही अशी एखादी मावशी असेल. हा भाग संपल्यावर तिला एक फोन करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.